तुझ्या वाट्याचं किती

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा २१ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्याने आणि त्याच्या जिवलग मित्राने, मित्र तेव्हा २० वर्षांचा, किल्ली तशीच राहिलेली एक मोटारसायकल उचलली. कल्पना विचारणाऱ्याची. चालवत होता मित्र, हा मागे. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. बरंच हिंडून झाल्यावर मित्र म्हणाला, "बास, परत ठेवूया." हा म्हणाला, "अजून एक फेरी." त्या फेरीत एका वळणावर गाडी घसरली. मित्र जागीच गेला, याचा पाय मोडला. खटला झाला, निकाल लागला, मिळालेली शिक्षा याने पूर्ण केली. मित्राच्या आईने एकदाच विचारलं होतं, "शेवटी काही बोलला का रे तो?" हा म्हणाला, "नाही." आता याचे तीन प्रश्न आहेत. तो माझ्यामुळे मेला का? मला त्याच्यासाठी रडायचा हक्क आहे का? आणि त्याच्या आईला खरं सांगू का?

वयाने तू माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान आहेस, म्हणून 'तू' म्हणते. अपघातात माणूस गेल्यावर जे मागे राहतात, त्यांच्याबरोबर मी बावीस वर्षं काम करते आहे. त्यात गेलेल्याचे आईवडील असतात, जोडीदार असतात, आणि तुझ्यासारखे, त्याच गाडीवर असलेले आणि वाचलेलेही असतात.

"तुझी काही चूक नाही" असं मी तुला म्हणणार नाही. ते तुला पुष्कळांनी सांगून झालंय. दर वेळी तू मान हलवलीस आणि रात्री पुन्हा तिथेच येऊन बसलास. कारण ते खरं नाही, आणि खरं नाही हे तुला ठाऊक आहे. खोट्या दिलाशाने माणूस आणखी एकटा पडतो, कारण मग आपलं खरं ऐकून घेणारं कोणी उरत नाही. पण "तो माझ्यामुळे मेला" हे तुझं वाक्यही मी जसंच्या तसं धरणार नाही. त्यातही खोट आहे. तुझा वाटा आहे, आणि तो किती हे बघता येतं. तेच आपण करू.

त्याआधी एक सरळ विचारते. "मी जगायच्या लायकीचा नाही" असं तू लिहिलं आहेस. याचा अर्थ मरावंसं वाटतं, असा आहे का? असं विचारल्याने माणसाच्या मनात नको ते येतं, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. कोणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटलेली माणसंच मी जास्त पाहिली आहेत. उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचणं बाजूला ठेव. आजच घरातल्या एका माणसाला सांग, एकटा राहू नकोस, आणि मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग किंवा आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन यांपैकी जे पटकन मिळेल ते गाठ. बाकीच्या गोष्टी थांबू शकतात.

उत्तर 'नाही' असेल, तर रडण्याच्या हक्कापासून सुरुवात करू, कारण बाकीचं त्याच्यावाचून अडलं आहे.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एका प्रकारच्या दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला 'मान्यता न मिळालेलं दुःख' म्हणता येईल. गमावलं आहे, पण उघडपणे शोक करायला, सांत्वन स्वीकारायला समाज जागाच देत नाही, असं दुःख. नातं मान्य नसलं की असं होतं, आणि मरण लाजिरवाणं ठरलं तरी असंच होतं. चोरीच्या गाडीवरचं मरण त्यात अगदी वर आहे. सांत्वनाला आलेला माणूससुद्धा दारातून बाहेर पडताना हळूच विचारतो, "पण गाडी कुणाची होती?" तुझ्या मित्राच्या घरच्यांनी हे सोसलं असणार. तुला तर लोक भेटायलाही आले नसतील, कारण तू ना नातेवाईक, ना निर्दोष.

लोक असे का वागतात, हे कळलं की थोडा राग निवळतो. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात काही प्रयोग केले. एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं प्रेक्षकांना भासवलं जायचं. तिला सोडवणं आपल्या हातात नाही असं कळलं की प्रेक्षक हळूहळू तिलाच नावं ठेवू लागायचे. जगात ज्याचं त्याला योग्य तेच मिळतं असं मानलं की आपल्यावर तशी वेळ येणार नाही, अशी खात्री वाटते. तुझ्या मित्राबद्दल "असंच होणार होतं" म्हणणारा माणूस स्वतःच्या मुलाभोवती कुंपण घालत असतो. त्याला तुझ्या मित्राचं काही माहीत नसतं.

चोरी ही चोरीच. तिची शिक्षा कायद्यात लिहिलेली असते, आणि मरण ही ती शिक्षा नाही. तुझ्या मित्राने त्या रात्री चूक केली आणि तो तुझा मित्रही होता. यातलं एक खरं ठरवायला दुसरं खोडावं लागत नाही. तू तर उलट्या टोकाला गेला आहेस. त्याचा एक दोष दिसू नये म्हणून दोन वर्षं सगळे दोष स्वतःकडे ओढतो आहेस. त्याने तो माणूसच राहात नाही रे, नुसता फोटो होतो. आणि फोटोसाठी फार दिवस रडता येत नाही.

जाता जाता, तू विचारलंस की "मी दुःखाच्या कितव्या टप्प्यावर आहे?" हे टप्पे सोडून दे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, पण ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. माझ्या कामात मला त्याहून उपयोगी पडते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ ची मांडणी. शोक करणारा माणूस हेलकावे खातो. कधी तो गेलेल्याकडे ओढला जातो, कधी समोरच्या जगण्याकडे, आणि हे येणंजाणं चालू असणं हेच ठीक असल्याचं लक्षण. तुझा झोका मात्र एकाच टोकाला अडकला आहे, आणि ते टोक शोकाचंही नाही, खटल्याचं आहे. दोन वर्षं तू त्याला आठवत नाहीस, साक्ष देतो आहेस. शेवटचं कधी त्याच्या एखाद्या मूर्खपणावर हसलास? हसला असशील तर लगेच जीभ चावली असशील.

आता वाटा.

मी हे काम कागदावर करून घेते. कागदावर एक गोल काढायचा आणि त्या मरणामागे जे जे होतं त्या सगळ्यांना त्यात जागा द्यायची. एक अट असते: स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घालायचं. आधी घातलं की तुझ्यासारखी माणसं अख्खा गोल स्वतःच भरून टाकतात.

तुझ्या गोलात काय काय येईल ते बघ. हॅन्डल मित्राच्या हातात होतं. वेग तू म्हणतोस तसा ताशी ९० च्या आसपास असेल तर गाडी सेकंदाला २५ मीटर जात होती. पुढचं दिसून हात हलेपर्यंत सेकंदभर जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपलेले. ६० च्या वेगापेक्षा ९० ला धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते, दीडपट नाही. गाडी अनोळखी होती. हॅरी हर्ट यांच्या गटाने अमेरिकेत सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ती ठरावीक गाडी पाच महिन्यांहूनही कमी काळ चालवत होते, असं त्यात दिसलं. तुझा मित्र ती तासभर चालवत होता. ब्रेक किती दाबला की किती लागतो, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. त्यात मागे तू बसलेला. मागच्या माणसाच्या वजनाने गाडीचा तोल आणि ब्रेकचा हिशेब दोन्ही बदलतात. वळणात टायरची रस्त्यावरची पकड बरीचशी वळण्यातच खर्च होत असते. तिथे घाबरून ब्रेक दाबला की उरलेली पकडही सुटते, आणि खाली खडी असेल तर त्याच्या आधीच सुटते. पोलिसांच्या पंचनाम्यात खडी होती, असं तू सांगितलंस. खडीला गोलात जागा आहे.

हेल्मेटलाही आहे. मोटारसायकलवाल्यांच्या हेल्मेटवर जगभर जे अभ्यास झाले त्यांचा २००८ चा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. चोरलेल्या गाडीबरोबर हेल्मेट मिळत नाही. शोधायला तुम्ही थांबलाही नाहीत. हा भाग दोघांचा, निम्मा निम्मा.

आणि वय. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ लोकांना खेळायला दिला, काहींना एकट्याने, काहींना मित्रांसमोर. किशोरवयीन आणि विशी-बाविशीतली मुलं मित्र बघत असले की स्पष्टपणे जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्या प्रौढांत तसा फरक पडत नव्हता. म्हणजे तू मागे नुसता बसून राहिला असतास, एक शब्द बोलला नसतास, तरी तुझ्या असण्याने त्याची मूठ थोडी जास्त पिळली गेली असती. आणि त्याच्या असण्याने तू "चल" म्हणालास. तो नसता तर तू ती किल्ली बघून पुढे गेला असतास, हे तूच लिहिलंस.

गाडीच्या मालकाला गोलात घालू नकोस. किल्ली विसरणं हा वेंधळेपणा आहे, आमंत्रण नाही. काही जण इथे मालकावर मोठा तुकडा ढकलतात. त्यांना मी परत कागद देते.

आता तुझं नाव लिही. माझ्या मते तुझ्या वाट्याला नेमक्या दोन गोष्टी येतात, शिवाय हेल्मेटचा तो निम्मा भाग. गाडी उचलायची कल्पना तुझी होती. आणि तो थांबू म्हणाला तेव्हा तू थांबू दिलं नाहीस. हे वाटे लहान नाहीत. ते मी कमी करून देणार नाही, आणि दुसरं कुणी कमी करून देऊ लागलं तर घेऊही नकोस. पण अख्खा गोल तुझा नाही. वेग तुझा नव्हता, वळण तुझं नव्हतं, खडी तुझी नव्हती, आणि गाडीवर बसायचं की नाही हे ठरवणारा विशीचा मुलगा तू नव्हतास, तो होता. तो हिस्सा त्याच्याकडेच राहू दे.

"अजून एक फेरी" या तीन शब्दांजवळ थोडं थांबू, कारण तू जागा होतोस तो त्यांच्याचपाशी. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ यांनी दाखवलं की शेवट कळला की तो आधीपासून दिसतच होता, असं माणसाला वाटू लागतं. त्यांच्या एका अभ्यासात लोकांना अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि सोव्हिएत रशिया भेटींत काय काय घडेल याचा अंदाज आधी विचारला होता. भेटी होऊन गेल्यावर त्यांना स्वतःचेच अंदाज आठवायला सांगितले, तर जे घडलं त्याची शक्यता आपण जास्त धरली होती असं त्यांना आठवू लागलं. ते खोटं बोलत नव्हते. आठवणच सरकली होती. तुझीही सरकली असणार. म्हणून स्वतःला हे विचार: "परत ठेवूया" म्हणताना त्याला भीती कसली वाटत होती? मरायची? की पकडले जायची? मला वाटतं, पकडले जायची. आणि "अजून एक फेरी" म्हणताना तू कोणत्या धोक्याला हसलास? त्याच. तू मित्राच्या नकाराला किंमत दिली नाहीस, ही तुझी चूक खरी आहे. पण तू मरण समोर बघून त्याला त्यात ढकललंस, असं जे आता तुला आठवतं, ते त्या रात्रीचं नाही. नंतरच्या दोन वर्षांनी ते तिथे नेऊन ठेवलं आहे.

तत्त्वज्ञांनीही यावर डोकं खपवलंय. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये एका ट्रकचालकाचं उदाहरण मांडलं. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. बघणाऱ्या कोणाहीपेक्षा त्याला वेगळं वाटणार, आणि वाटायलाच हवं, असं विल्यम्स म्हणतात. त्याला काहीच वाटलं नाही तर आपणच दचकू. ही कर्त्याची खंत. थॉमस नेगेल यांनी त्याच चर्चेत दुसरी अवघड बाजू दाखवली: दोन माणसं तोच बेजबाबदारपणा करतात, एकाच्या वाटेत कोणी येत नाही, दुसऱ्याच्या येतं, आणि आपण दोघांना फार वेगवेगळं तोलतो. तू त्या ट्रकचालकाइतका निर्दोष नाहीस. पण जगात आजवर कुणाच्या तरी गाडीवर अशी फेरी मारून, ती परत लावून, घरी जाऊन झोपलेली मुलं पुष्कळ असतील. त्यांनी केलं तेच तू केलंस. पुढचं मात्र तुझ्या नशिबी आलं, आणि म्हणून ते आयुष्यभर तुझंच राहणार. ही खंत जाईल असं मी कबूल करत नाही. ती सोबत घेऊन चालता येतं, इतकंच मी पाहिलं आहे.

एक फरक मात्र तुला शिकावा लागेल. हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि शरम यांना वेगळं काढलं. "मी वाईट केलं" हा अपराधभाव. "मी वाईट आहे" ही शरम. पहिल्यात नजर केलेल्या गोष्टीवर असते, म्हणून माणूस भरपाईकडे वळतो. दुसरीत नजर स्वतःवर खिळते आणि माणूस लपतो, चिडतो, पितो. बाहेरून दोन्ही पश्चात्तापासारखेच दिसतात. तू कामावर जाणं सोडलंस, जुन्या मित्रांचे फोन उचलत नाहीस, याला तू प्रायश्चित्त म्हणतोस. यातून कुणाला काय मिळालं? त्याच्या आईला? गाडीच्या मालकाला? कडक बोलते आहे, पण तुझ्या शिक्षेचा लाभ कुणालाच झालेला नाही.

आता त्याची आई.

या प्रश्नावर माझं मत बदलत गेलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी सरळ म्हणायचे, खरं सांगून टाक. मग एक माणूस आला. तपशील बदलून सांगते. त्याच्या हातून झालेल्या अपघातात त्याचा भाऊबंद गेला होता. माझ्याशी बोलून त्याला धीर आला आणि तो त्याच संध्याकाळी न सांगता गेलेल्याच्या घरी गेला. दारातच सगळं बोलला आणि ढसाढसा रडला. त्या घरातल्या बाईने त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, समजूत घालून पाठवलं. तो हलका होऊन घरी गेला. ती पुढचे कित्येक महिने आजारी होती. तिच्या घरात येऊन त्याने आपलं ओझं उतरवलं होतं, आणि ते उचलायला तीच एकटी तिथे होती. ती चूक निम्मी माझी होती. तेव्हापासून मी आधी विचारते: सांगून हलकं कोण होणार आहे?

तुझ्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तिने विचारलं होतं. न विचारता सांगणं वेगळं आणि विचारल्यावर खोटं सांगणं वेगळं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे आणि ते मुळात तिचं आहे.

आणि तू ते वाक्य आजवर फक्त तुझ्या बाजूने ऐकत आला आहेस. "बास, परत ठेवूया." तुझ्यासाठी तो तुझ्याविरुद्धचा पुरावा आहे. तिच्या बाजूने ऐक. तिचा मुलगा गेला तेव्हापासून ती चोराची आई आहे. लोकांनी तिला ते तोंडावर किंवा पाठीमागे ऐकवलं असणार. आणि तिच्या मुलाचं शेवटचं म्हणणं काय होतं, तर गाडी जिथली तिथे नेऊन ठेवू. हे तिला कोणीही सांगितलेलं नाही. सांगू शकेल असा माणूस जगात एकच आहे, आणि तो दोन वर्षं ते दडपून बसला आहे, कारण त्याच्या पुढचं वाक्य त्याचं स्वतःचं आहे.

म्हणून सांग, असं माझं मत. पण असं सांग. आधी तुझा खटला ज्या वकिलांनी चालवला त्यांना भेट. निकाल लागलेला असला तरी नव्याने काही सांगण्याने काय होऊ शकतं, हे ठिकठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असतं. हा सल्ला माझा नाही, त्यांचा घ्यायचा. मग त्या घराला जवळचं, पण तुझ्या बाजूचं नाही, असं एखादं माणूस शोध. एखादी मावशी, काका, जुने शिक्षक. त्यांच्याकरवी एवढंच विचार: "त्या रात्रीबद्दल मी तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. ऐकायचं असेल तर मी येईन, नको असेल तर कधीच विषय काढणार नाही." ठरवणार ती. ती सहा महिने काही बोलली नाही, तर तेही उत्तरच आहे.

बोलावलं तर एकटा जाऊ नकोस, तीही एकटी नसावी. घडलं ते घडलं तसं सांग, तुझ्या रात्रींचं वर्णन करू नकोस. "कल्पना माझी होती. तो परत ठेवूया म्हणाला. मी अजून एक फेरी म्हणालो. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो." एवढं पुरे. "मला माफ करा" म्हणू नकोस, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं. "मला फार वाईट वाटतं" याला द्यावं लागत नाही. ती ओरडेल, कदाचित दार दाखवेल, कदाचित काहीच बोलणार नाही. तिला तुझा तिटकारा आला तर तो तिचा हक्क आहे, आणि तो सोसणं हा तुझ्या वाट्यातलाच भाग समज. रडू आलं तर येऊ दे, पण तिच्या खांद्यावर नको.

मालकाचं लोक विसरतात. त्याची गाडी गेली हे दिसतं. पण आपल्या गाडीवर एक मुलगा मेला, हे तो कुणाला सांगत असेल? किल्ली विसरल्याची टोचणी त्यालाही असू शकते. १९७४ मध्ये कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या एल्माइरा गावी, दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यान्ट्झी या देखरेख अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना ज्यांचं नुकसान केलं त्यांना भेटायला पाठवलं. ते दारोदार गेले, लोकांसमोर उभे राहिले आणि पुढे नुकसान भरून दिलं. गुन्हा करणारा आणि ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तो, यांना समोरासमोर आणायच्या आजच्या पद्धती बऱ्याचशा तिथून वाढल्या. तू राहतोस तिथे अशी सोय असेल तर तिच्यामार्फतच जा. नसेल तर वकिलांमार्फत चार ओळींचं पत्र, आणि भरपाई बाकी असेल तर जमेल तेवढा हप्ता. अपराधभाव इथे कामाला येतो. त्याला हात दे.

डॉक्टरांचंही राहू देऊ नकोस. मोटारसायकलच्या आवाजाने अंग थरथरतं, वळण आलं की श्वास अडतो, असं तू म्हणतोस. हे दुःखाहून वेगळं, आघाताचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. शिवाय दीर्घकाळ न हलणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता स्वतंत्र नाव आहे. तिथे सहा महिन्यांची मर्यादा धरतात, अमेरिकन मनोविकार नियमावलीत २०२२ पासून प्रौढांसाठी एक वर्षाची. तुला दोन वर्षं झाली आहेत. म्हणून तू वेडा ठरत नाहीस. हे एकट्याने उचलायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

त्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे, काढू का, असंही विचारलंस. ठेव. गेलेल्याला मनातून सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं एकेकाळी आमच्या क्षेत्रात मानायचे. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली, की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. माझा अनुभवही तोच. दोन वर्षं तुझं त्याच्याशी आरोपी आणि फिर्यादी असं नातं चाललं आहे. त्याने अशी फिर्याद केली असती का, हे तुझं तूच बघ.

पुढच्या आठवड्यात एक काम कर. त्या दिवसाबद्दल लिही, पण वळणापासून सुरुवात करू नकोस, किल्लीपासूनही नको. तुम्ही दुपारी भेटलात, तेव्हा त्याने काय घातलं होतं, काय बडबडत होता, कोणत्या गोष्टीवरून तुमचं वाजलं आणि मिटलं, तिथून लिहायला लाग. किल्लीपर्यंत पोहोचायला निदान चार पानं जाऊ देत. मग ते घेऊन समुपदेशकाकडे जा आणि ती चार पानं आधी मोठ्याने वाच.